शिक्का नसलेलं खोड

तेराव्याच्या पंगतीत मेलेल्या माणसाची किंमत कळते म्हणतात. खोटं आहे ते. तेराव्याला कळते ती त्याच्या जमिनीची किंमत. मेलेल्याचं काय, पानावर घास वाढला की तो सुटला. मागं उरलेल्यांची भूक तिथूनच सुरू होते.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या घरी त्या दिवशी दहाच्या आतच दारात जोड्यांची रांग लागली होती. खंडोजीराव दफेदार जाऊन तेरा दिवस झाले होते. तीस वर्षं रिसाल्यात घोड्यावर काढलेला माणूस, कधी साधा खाली पडला नव्हता. तो बेळगोळच्या वाटेवरच्या आपल्याच इनामात, आपल्याच तळ्याच्या बांधावर डोकं फुटून पडलेला सापडला. ज्यानं त्याला पहिल्यांदा पाहिलं, गावात ऊर फुटेतो धावत जाऊन चार माणसं आणली, तो राईचा राखणदार सिद्दाच खुनी म्हणून कोठडीत बसला होता. असा न्याय!

मागच्या पडवीत खंडोजीरावांची धाकटी बहीण गोदावरीबाई सहाण धुवून गंध उगाळायच्या तयारीत बसली होती. पंचविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा तीन वर्षांच्या अंबाजीला कडेवर घेऊन ती भावाच्या दारात आली होती. भावानं "किती दिवस राहणार?" असं एकवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्याला स्वतःला मूल नव्हतं. अंबाजीला त्यानंच घोड्यावर बसवलं, त्यानंच शाळेत घातलं, आणि सरणाला अग्नी दिला तोही अंबाजीनंच.

परसदारी सिद्दाची बायको केंपी सकाळपासून उकिडवी बसून होती.

"अव्वा, कुऱ्हाड दगडापाशीच होती," ती दहाव्यांदा म्हणाली. "पोलिसांनी दगडापाशनंच उचलली. आत नव्हती. माझा माणूस राईत लोखंड नेईल का? तुम्हीच सांगा."

गोदावरीबाईनं मान वर केली नाही. काय सांगणार कपाळ?

राईचा नियम सगळ्या मुलखाला ठाऊक होता. पणजोबांना घोड्यांसकट इनाम मिळालं तेव्हापासूनची ती पस्तीस एकर राई. गावचे लोक तिला देवरकाडु म्हणत, म्हणजे देवाचं रान. आत लोखंड न्यायचं नाही. कुऱ्हाड, कोयता, विळा, जे हातात असेल ते वेशीवरच्या दगडापाशी ठेवून मगच पाऊल टाकायचं. पडलेलं लाकूडसुद्धा मारम्माच्या नैवेद्यापुरतंच उचलायचं. त्या झाडांच्या मुळांनी तळ्याचा बांध धरून ठेवला होता, आणि तळ्यानं तीन गावं जगवली होती. खंडोजीराव म्हणायचे, "राई तोडा, दोन पावसाळ्यांत बांध वाहून जाईल, आणि तिसऱ्याला तुम्ही शेतात माती खाल."

पण कन्नंबाडीला धरणाचं काम निघालं आणि चुन्याच्या, विटांच्या भट्ट्या पेटल्या. भट्टीला लाकूड लागतं. तिरुमलराव कंत्राटदार वर्षभर या उंबऱ्यावर खेटे घालत होते. अंबाजीला त्यांनी आपल्याकडे मुकादम म्हणून ठेवून घेतलं, तेही काय त्याच्या अकलेवर भाळून नव्हे. खंडोजीराव मात्र बधले नाहीत. राई कायमची राखून ठेवावी, कुणालाही तोडता येऊ नये, अशी सरकारात द्यायची अर्जी त्यांनी स्वतः लिहून काढली. सोमवारी नेऊन देणार होते. शनिवारी मेले.

"वन्सं, झालं का गंध?" गिरिजाबाई आत आल्या. खंडोजीरावांची विधवा. तेरा दिवसांत बाई निम्मी झाली होती. "बाहेर सगळे खोळंबलेत. कंत्राटदार मक्त्याचा कागद घेऊन आलेत."

"तेराव्याला? निदान पानं तरी उठू द्यायची."

"मालोजीभाऊजींनीच बोलावलंय. म्हणतात, आज सगळे जमलेत, आजच सह्या होऊन जाऊ देत." त्या खाली बसल्या. "मला काय कळतंय त्यातलं? अंबाजी म्हणेल तिथं मी सही करीन. आता तोच माझा मुलगा. काल रात्री माझ्या पायांना तेल लावत बसला होता, ठाऊक आहे? पोटचा करणार नाही इतकं करतोय."

"आणि दादाची अर्जी?"

"अर्जी करणारा गेला. राईला घेऊन मी काय चाटू?" गिरिजाबाईंचा आवाज फाटला. "त्या राईनंच घात केला माझा. तोडू देत, जाळू देत. जळली तर बरंच होईल."

खरं सांगायचं तर या तेरा दिवसांत गोदावरीबाईलाही तसंच वाटलं होतं.

बाहेर जगलीवर, म्हणजे दारापुढच्या लांब ओट्यावर, मालोजीरावांचा आवाज चढला होता. खंडोजीरावांचे हे चुलत भाऊ. देवराज मोहल्ल्यात कापडाचं दुकान, आणि गजावर हात फिरवता फिरवता बोटभर कापड आत ओढायची जुनी कला. भावाच्या हयातीत तीन वर्षं या घराची पायरी चढले नव्हते. आता दिवसातून तीनदा येत.

"अहो, मक्ता म्हणजे काय विक्री आहे का? जमीन आपलीच, नुसती झाडं जाणार. झाडं काय, पुन्हा उगवतात! काय हो तिरुमलराव?"

"नोडी, हे बघा मालोजीराव, मी काही घाई करत नाही," तिरुमलराव गोड आवाजात म्हणाले. त्यांना राग कधी येतच नसे, गरजच पडत नसे. "तुमच्या घरात दुःख आहे. पण भट्ट्या काही कुणासाठी थांबत नाहीत, बघा."

तेवढ्यात पोलीस इन्स्पेक्टर कृष्णमूर्ती एका शिपायाला घेऊन आले. वागायला सभ्य गृहस्थ. त्यांनी जोडे काढले, गिरिजाबाईंना लांबूनच हात जोडले आणि गोदावरीबाईला पडवीच्या दारात बोलावून कागद उलगडला.

"बाई, तुमचा जबाब आहे. वाचून दाखवतो. आदल्या संध्याकाळी खंडोजीराव घरी आले ते संतापलेले होते. राईत कुणीतरी गंधाच्या झाडांच्या बुडाशी खणलंय, सिद्दाला उद्या पहाटे जाऊन जाब विचारतो, असं ते तुमच्यासमोर म्हणाले. बरोबर?"

"बरोबर. तसंच म्हणाला दादा."

"मग इथं सही करा. त्याच्याविरुद्ध एवढंच साकु."

साकु म्हणजे पुरे. एका सहीनं पुरे होणार होतं.

परसदारातून केंपीनं ते ऐकलं. ती आत आली नाही, नुसती भिंतीला डोकं टेकून बसली. गोदावरीबाईला त्या बाईचा रागही येत होता आणि कीवही. जबाबात खोटं एक अक्षर नव्हतं. दादा तसं म्हणालाच होता. खरं बोलायला भ्यायचं कशाला?

"करते," ती म्हणाली. "पण आधी गंध होऊ दे. दुखवटा काढल्याशिवाय या घरात कुणी कागदाला हात लावत नाही."

इन्स्पेक्टर मान हलवून जगलीवर जाऊन बसले.

या घराची एक रीत होती, लढायांच्या दिवसांपासूनची. गेलेल्या पुरुषाच्या बहिणीनं चंदनाचं एक खोड निवडायचं. त्याचे दोन भाग करायचे. अर्धा सरणावर, अर्धा देवघरात. तेराव्याला त्याच अर्ध्या खोडाचं गंध उगाळून तिनं घरच्या पुरुषांच्या कपाळी लावायचं, की दुखवटा संपला. बहीण सवाष्ण असो वा विधवा, त्या दिवशी तिच्या हाताला कुणी नाव ठेवत नसे. पुरुषांना यातलं अर्धवटच माहीत असायचं. सरणावर खोड गेलं की त्यांच्या लेखी काम संपलं. उरलेल्या अर्ध्याचं काय होतं ते बायका बघत.

दादाच्या वेळी गोदावरीबाईला निवडायची शुद्ध कुठली? खोड अंबाजीनंच आणलं होतं. चांगलं मनगटाएवढं जाड, दोन वितींचं. "सरकारी कोठीतून आणलं, आई," म्हणाला होता, आणि मग ढसाढसा रडला होता.

तिनं देवघरातून पंच्यात गुंडाळलेला तुकडा आणला. आज पहिल्यांदाच ती तो उघडत होती. सहाणेवर चार थेंब पाणी टाकलं आणि उगाळायला घेतलं.

दोनच वेढे झाले असतील, तिचा हात थांबला.

एकवीस वर्षं ती रोज पहाटे चंदन उगाळत होती. सरकारी कोठीतलं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं, ते सहाणेवर खरखरतं, हाताला घाम काढतं. हे लोण्यासारखं फिरत होतं. पाण्यावर तेलाचा तवंग आला. वास तर असा उठला की गिरिजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अय्यो, केवढा घमघमाट! कुठलं हो वन्सं हे?"

गोदावरीबाईनं खोड उजेडाकडे धरलं. एका बाजूला बारीक बेचका होता. त्या बेचक्यात लाल माती होती, नखानं खरवडली तर सुटणारी. हे खोडच नव्हतं. हे मूळ होतं.

गंधाचं झाड कुणाच्या का जमिनीत उगवेना, ते सरकारचं. म्हैसूरच्या पोरालाही हे ठाऊक. ते तोडत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण खरं तेल मुळात. ती मुळं कोठीत कुलपाखाली जातात आणि तिथून थेट जहाजाला. तुम्हाआम्हाला मिळतं ते खोड, नाहीतर ढलप्या. आणि जे मिळतं त्याच्या टोकाला कोठीचा हातोड्याचा शिक्का असतो. तिनं दोन्ही टोकं पाहिली. एका टोकाला करवतीची खूण. दुसऱ्या टोकाला शिक्का नव्हता. तिथं कुऱ्हाडीनं तोडल्याची ताजी, ओबडधोबड खूण होती.

ती उठली. तुकडा पदराखाली धरून विहिरीकडे गेली आणि केंपीला म्हणाली, "जा, अंबाजीला बोलाव. आईनं बोलावलंय म्हण. आणि तू पुढच्या दारी जाऊन बस."

अंबाजी आला. चोवीस वर्षांचा, मामासारखाच उंच, मामाचंच चालणं.

"काय गं? सगळे थांबलेत."

"हे कुठून आणलंस?"

त्यानं तुकड्याकडे पाहिलं. अर्धं मागं उरलं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसावं. "सांगितलं ना तेव्हा. कोठीतून."

"शिक्का कुठाय?"

"जळला त्या अर्ध्यावर असेल."

"कोठी मूळ विकत नाही, अंबा. तुझ्या मामानंच शिकवलंय मला ते. माती बघ ही. राईतली आहे. बेचक्यात अडकलीय."

अंबाजीनं मागं वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, हळू बोल."

एवढंच. आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. गोदावरीबाई विहिरीच्या कठड्यावर बसली. "बोल," ती म्हणाली. "सगळं बोल. माझ्याशी खोटं बोललास तर या विहिरीत उडी टाकीन."

मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक. तिरुमलरावांना भट्टीसाठी लाकूड हवंच होतं, पण डोळा होता तो राईतल्या गंधाच्या झाडांवर. तीन झाडं रातोरात काढून दिलीस तर धंद्यात भागीदार करतो, म्हणाले. आयुष्यभर मामाच्या तुकड्यावर जगायचं का, असंही म्हणाले. आदल्या दिवशी बुडं मोकळी करून ठेवली होती. त्या पहाटे दोन मजूर, एक बैलगाडी आणि दोन पहारी घेऊन तो गेला. पहिलं झाड आडवं झालं आणि धुक्यातून मामा आले.

"ओरडले नाहीत गं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहारीकडे बघितलं. 'राईत लोखंड आणलंस?' एवढंच म्हणाले. आणि पहार धरली. मी सोडायला पाहिजे होती. मी ओढली. त्यांनी ओढली. मी जोरात..." त्यानं हवेतच दोन्ही हात मागं ओढले. "मजूर झाड गाडीत टाकून पळाले. मीही पळालो."

"आणि सिद्दा?"

"त्याचं नाव मी घेतलेलं नाही. पोलिसांनीच धरलं."

"तू गप्प बसलास."

"हो."

"बरं केलंस की!" गोदावरीबाई इतक्या कडवटपणे हसली की तिलाच आपला आवाज ओळखू आला नाही. "बरं, चोरी लपवायची होती, तर हे कशाला आणलंस घरात? अर्धं जग हुंगेल असं लाकूड!"

अंबाजी तोंड झाकून रडायला लागला. "मामांच्या सरणावर ढलप्या टाकू? चार आण्याच्या ढलप्या? मला घोड्यावर बसवलं त्यांनी, आई. त्यांना चांगलं खोड नको?"

तिला वाटलं त्याच्या थोबाडीत मारावी. तिला वाटलं त्याला पोटाशी धरावं. दोन्हींतलं काहीच झालं नाही. आतून मालोजीराव हाका मारत होते.

"तू सांगणार नाहीस," अंबाजी म्हणाला. तो विचारत नव्हता, स्वतःलाच समजावत होता. "मामी माझ्याकडे बघून जगतेय. सिद्दाला फाशी नाही व्हायची, वकील देऊ आपण. मी देईन पैसे. आई?"

"चल," ती म्हणाली. "गंध लावायचंय."

माजघरात सगळे पुरुष रांगेनं बसले. गोदावरीबाईनं आधी मालोजीरावांच्या कपाळी गंध लावलं. ते नाक वर करून म्हणाले, "वा! असलं चंदन अलीकडे बघितलं नव्हतं." इन्स्पेक्टर कृष्णमूर्ती खांबाशी उभे होते, त्यांनीही एकदा मान वळवली. तिरुमलराव मात्र हातातल्या मक्त्याची घडी करू लागले होते. शेवटी अंबाजी. तिनं त्याच्या कपाळावर बोट टेकवलं आणि टेकवूनच ठेवलं. तान्हा असताना याच कपाळाला ती टीट लावायची. गिरिजाबाई कौतुकानं बघत होत्या.

"आता सही, बाई," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले आणि दौत पुढं केली.

गोदावरीबाईनं जबाबाच्या कागदावर तो चंदनाचा तुकडा ठेवला.

"हे आमच्या राईतल्या झाडाचं मूळ आहे. यावर शिक्का नाही. दादाच्या सरणावर याचंच अर्धं जळलं. कुणी काढलं आणि दादा कसा मेला, ते माझ्या मुलाला विचारा. सिद्दाचा यात काही संबंध नाही."

"गोदे!" मालोजीराव ताडकन उठले. "डोकं फिरलंय का तुझं? इन्स्पेक्टरसाहेब, दुःखानं भ्रमिष्ट झालीय हो ही." मग त्यांनी अंबाजीचा चेहरा पाहिला, आणि गृहस्थानं पागोटं फिरवावं तसा सूर फिरवला. "तरी मला संशय होताच! पहिल्या दिवसापासून म्हणत होतो मी. परक्या रक्ताला घरात घेतलं की असंच व्हायचं."

"तुम्ही सुम्मने बसा," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नव्हता, पण मालोजीराव गप्प बसले. गिरिजाबाई अंबाजीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अंबा, माझ्याकडे बघ."

त्याला बघवेना.

"शेवटी काय म्हणाले?"

"मामी..."

"काही म्हणाले की नाही?"

"पाणी मागितलं," अंबाजी म्हणाला.

तळं बांधाला लागूनच होतं. दहा पावलंसुद्धा नव्हती.

तिरुमलराव केव्हा उठले ते कुणाला कळलं नाही. दारापर्यंत पोचले होते, तेव्हा अंबाजी ओरडला, "पहारी यांच्या भट्टीवरच्या आहेत, साहेब! झाडही यांच्याच आवारात आहे, गवताखाली!" कृष्णमूर्तींनी शिपायाला खूण केली. तिरुमलराव गोड हसून म्हणाले, "पोरगा घाबरलाय, काहीही बोलतोय." ते सुटतीलही कदाचित. असले लोक बहुधा सुटतातच.

गिरिजाबाई देवघरात गेल्या आणि नवऱ्याची अर्जी घेऊन आल्या. दौत जमिनीवर ओढून घेतली. मोडीत नाव लिहिलं आणि कागद इन्स्पेक्टरांपुढं सरकवला. "हे सरकारात पोचवा. राईत लोखंड जाणार नाही." मग त्या नणंदेकडे वळल्या. "वन्सं, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. हे मला कळतं. पण तुमचं तोंड बघत या घरात मला आता जगता यायचं नाही."

"होय, वहिनी," गोदावरीबाई म्हणाली. ही तिची अपेक्षाच होती.

बाहेर केंपीनं तिचे पाय धरले. गोदावरीबाईनं पाय मागं ओढले. "धरू नकोस. तासाभरापूर्वी मी सहीला बसले होते. घरी जा. चूल पेटव, तो येईल."

जगलीवर शिपायाच्या शेजारी अंबाजी जोडे घालत होता. घाईनं उलटे घातले, पुन्हा काढले. कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. त्यानं मान वर केली.

"आई, मी ते खोड आणलं नसतं तर?"

गोदावरीबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यानं खोटं बोललेलं तिला नको होतं, मग तिनं तरी का बोलावं?

"तर मी सही केली असती," ती म्हणाली.

अंबाजीनं मान हलवली, जोडे सरळ घातले आणि शिपायामागोमाग पायऱ्या उतरला.